टाळूची किल्ली

सातवीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मला कळलं, की आपलं गुपित आपल्या तोंडात दिसतं. जाणत्या माणसानं नुसतं "आ कर" म्हणून आत डोकावलं, तरी त्याला सगळं समजतं. त्यानंतर किती तरी दिवस मी कुणासमोर धड तोंड उघडलं नाही.

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेच्या भांड्यांच्या एका दुकानावर, माडीवर, दातांच्या डॉक्टरचा दवाखाना होता. डॉक्टर नागपूरचा, अगदी तरुण. आठवड्यातून एकदाच यायचा. माझा वरचा एक सुळा जागा न मिळाल्यासारखा हिरडीच्या वरून बाहेर आला होता आणि ओठाला आतून घासून जखम करत होता. म्हणून माय मला एसटीत घालून घेऊन आली होती. खालच्या दुकानात कुणी तरी हंड्याचा पोचा काढत बसलं होतं. दात उपटणार, रक्त येणार, एवढीच मला भीती होती. थोड्याच वेळात मला वाटलं, दात उपटला असता तर किती बरं झालं असतं.

डॉक्टरनं टॉर्च मारला, छोटा आरसा फिरवला, टाळूला बोट लावून पाहिलं आणि मायला विचारलं, "ही तोंड उघडं ठेवून झोपते का?"

"हौ."

"घोरते?"

"बापापेक्षा जास्त."

मग त्यानं आवाज खाली आणला. "या वयातही रात्री अंथरूण ओलं होतं का?"

मायनं पदराचं टोक मुठीत धरलं. माझं तोंड अजून उघडंच होतं, जबडा दुखत होता, आणि मिटायचं कसं हेच मी विसरले होते. शेवटी माय म्हणाली, "तुमाले कोनं सांगतलं?"

झालं. यापेक्षा साफ कबुली कोणती असणार!

"कोणी नाही," डॉक्टर म्हणाला. "टाळू सांगतो."

आमच्या घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं. माय तिला "थे" म्हणायची, म्हणजे नुसतं "ते". थे झालं का? थे झालं नाही ना? बाबा तर तेवढंही म्हणत नसत. आमचं गाव करडी गावाच्या बाजूचं, धानाचं, तलावाखाली शेती असलेलं. घरात तणसाला तोटा नव्हता. धान मळून झालं की उरलेल्या वाळक्या काडीचा, म्हणजे तणसाचा, ढीग अंगणामागे वर्षभर असायचा. बैलांचा तो चारा आणि माझी ती गादी. माय रोज संध्याकाळी आतल्या खोलीत तणस पसरायची, वर जुनी गोदडी टाकायची. पहाटे, कुणी उठायच्या आत, गोदडी विहिरीवर आणि ओलं तणस उकिरड्यावर. इतक्या वर्षांत मायनं एकच पहाट चुकवली.

त्या दिवशी तिला ताप होता. मला वाटलं, थोडंसंच तर ओलं आहे, बैलांना घालून टाकू, कुणाला काय कळतं. मी ते तणस गोठ्यात नेऊन गव्हाणीत टाकलं. आमचा बांड्या बैल, पाठीवर पांढरा पट्टा असलेला, तणस पाहून पुढे आला, त्यानं हुंगलं, फुर्रकन नाकातून वारा सोडला आणि मान फिरवली. दुसऱ्यानंही तेच केलं. बाबा दारातच उभे होते. त्यांनी काठीनं तणस बाहेर ओढलं, दुसरं टाकलं आणि बैल खाऊ लागले. बाबांनी मला दोन थपडा मारल्या असत्या तरी चाललं असतं. त्या मुक्या जनावरानं फिरवलेली मान मला पुढे कित्येक वर्षं दिसत राहिली.

उन्हाळ्यात आमच्याकडे सगळं गाव अंगणात झोपतं. मी तेवढी आत, भट्टीसारख्या खोलीत. काकू विचारायची, पोट्टी बाहेर काहून झोपत नाही? मायनं एक कारण तयार ठेवलं होतं: "तिले भुताचा भेव लागते." त्यामुळे गावभर मी भित्री म्हणून प्रसिद्ध झाले. चिंचेच्या झाडाखालून जाताना पोरी माझ्या मागून ओरडत. मी खोटंखोटं दचकायची. खरं सांगायचं तर मला भुताचं काही वाटत नसे. मला फक्त सकाळचं वाटायचं. डोळे उघडायच्या आधी हात खाली सरकवून बघायचं, आणि बहुतेक वेळा हात ओला व्हायचा.

उपाय सगळे झाले होते. तीळ-गूळ झाला, वैद्याच्या पुड्या झाल्या, दंडाला ताईत झाला. सूर्य बुडाला की पाणी बंद. मे महिन्याचा आमच्याकडचा उकाडा ज्यानं सोसला आहे त्यालाच ते समजेल. दिवे लागले की माय रांजणावर झाकण ठेवायची आणि वर पाटा ठेवायची. मी जिभेनं ओठ ओले करत पडून राहायची. माय कठोर नव्हती. तीसुद्धा रात्री पाणी पीत नसे, निदान माझ्यासमोर तरी नाही.

आणि आता वेळ उरला नव्हता. गावात शाळा सातवीपर्यंत होती. पुढे शिकायचं तर भंडाऱ्याला, मुलींच्या वसतिगृहात राहून. तिथे एका मोठ्या खोलीत ओळीनं सतरंज्या, एकीला लागून दुसरी. माझा नंबर लागला होता. बाबा म्हणाले होते, "जाईन म्हणते तं जाऊ दे." अडवलं होतं मायनं, आणि तिनं ते मला एकटीला विहिरीवर सांगितलं होतं.

"शाळा उघडेपर्यंत थे बंद झालं तं जाजो. नाई झालं तं मी नाई पाठवत. चारचौघी पोरींत तुयी फजिती झाली तं तू जलमभर मान वर करनार नाहीस."

ती खरं बोलत होती म्हणून मी जास्त घाबरले. सातवी संपली की आमच्याकडच्या मुली धानाची रोपं लावायला, रोवणीला जायला लागत, आणि दोन-तीन वर्षांत त्यांची सोयरीक होई. सासरच्या घरी तणसाची गादी कोण देणार होतं?

म्हणून त्या दिवशी डॉक्टर जे म्हणाला ते माय जीव कानात आणून ऐकत होती. तो म्हणाला, हिचा टाळू अरुंद आहे आणि वर चढलेला आहे. टाळूच्या वरच नाकाची वाट असते, तीही अरुंद. रात्री श्वास पुरत नाही, झोप धड लागत नाही, आणि लागते तेव्हा अशी लागते की लघवी लागल्याचं कळत नाही. टाळूत एक पेच बसवायचा. तो रोज थोडा थोडा फिरवला की टाळू रुंद होतो, दाताला जागा होते, नाक मोकळं होतं. काही मुलांचं अंथरूण ओलं होणंही थांबतं.

"सगळ्यांचं नाही," तो म्हणाला. "मी वाचलंय, आणि एक-दोघांत पाहिलंय. हमी देत नाही."

"बसवा," माय म्हणाली. तिनं घरी विचारून येते असंसुद्धा म्हटलं नाही. माझ्या मायनं आयुष्यात घरी न विचारता घेतलेला तो बहुधा एकच निर्णय.

पुढच्या फेरीला तो पेच माझ्या तोंडात बसला. दोन्हीकडच्या दाढांना पट्ट्या, त्यांना जोडलेल्या तारा, आणि मधोमध टाळूखाली एक छोटीशी धातूची कांडी, तिला बारीक छिद्रं. जिभेला ती सारखी लागायची. भात अडकायचा, लाळ गळायची, आणि "भात" म्हणायला गेलं तर भलतंच काही तरी निघायचं. सोबत एक किल्ली दिली होती. किल्ली कसली, टोकाशी वाकवलेली जाड टाचणीच. ती छिद्रात घालायची आणि दातांकडून घशाकडे ढकलायची, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. गिळली जाऊ नये म्हणून दोरा बांधायचा. मायनं तिला काळा दोरा बांधला आणि बांगडीतल्या सेफ्टी पिनांच्या जोडीला अडकवून टाकली. दिवसभर भाकरी थापताना, सारवताना तिच्या हातात माझा टाळू किणकिणत असायचा.

किल्ली फिरली की आधी काहीच व्हायचं नाही. मग नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मधे, कुणी आतून दार ढकलतंय असा दाब यायचा आणि डोळ्यांतून आपोआप पाणी वाहायचं. मी मायचा गुडघा घट्ट धरायची. ती म्हणायची, "झालं, झालं माय, झालं." ती अर्ध्यावर कधी थांबली नाही.

मग समोरच्या दोन दातांत फट पडली. आधी दोरा जाईल एवढी, मग काडी जाईल एवढी. डॉक्टरनं मायला सांगून ठेवलं होतं, की फट पडेल, घाबरू नका, पुढे आपोआप मिटेल. फट पडली म्हणजे काम होतंय. मायनं मलाही तसं सांगितलं. पण आरशात बघितलं की मला ते पटत नसे. फट आज दातांत आहे, उद्या हिरडीत जाईल, परवा ओठात, नाकात, कपाळात. एखाद्या सकाळी माझ्या चेहऱ्याचे दोन भाग दोन उशांवर सापडतील, असं मला खरंच वाटायचं. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा मी दोन्ही हातांनी गाल दाबून धरून झोपायची.

तोंड तर मी आधीच बंद केलं होतं. डॉक्टरला टाळू बघून कळलं, तर मास्तरला का कळणार नाही? दुकानदाराला का नाही? मी ओठ न उघडता बोलायला शिकले, हसायचं सोडूनच दिलं. काकू म्हणाली, पोट्टी शहाणी झाली, किती हळू बोलते. लोकांना काय, कशातही शहाणपण दिसतं.

आणि मग एका सकाळी हात कोरडा आला. मला वाटलं, गोदडी सरकली असेल. उठून चाचपलं. तणस कुरकुरत होतं. कोरडं तणस कुरकुरतं, ओलं मुकं असतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार! दुसऱ्या दिवशी ओलं, मग परत कोरडं, मग सलग कोरडं. दृष्ट लागेल म्हणून आम्ही दोघी एकमेकींकडे बघणंसुद्धा टाळत होतो.

बाबांना किती माहीत होतं, हे मला तेव्हा कळत नसे. मायनं त्यांना सांगितलं होतं, की या पेचानं दातही बसतील आणि थेही थांबेल. ते "बरं" म्हणाले होते. ते त्या दिवसांत सकाळपासून तलावाच्या पाळीवरच, म्हणजे मातीच्या बांधावरच असत. आमच्या गावाचं सगळं धान त्या तलावावर. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, पाळीची काळी माती वाळते आणि तिला भेगा पडतात. मृगाचा पाऊस यायच्या आत त्या सगळ्या भेगा शोधून, खोदून, चिखल आणि तणस तुडवून बुजवाव्या लागतात. एक भेग राहिली, की पावसाळ्यात तिथूनच पाणी वाट काढतं, आणि मग पाळ आणि खालचं धान दोन्ही वाहून जातं. माझ्या जन्माआधी तसं एकदा झालं होतं म्हणे. बाबा त्यानंतर कधी पाळीवरून नुसते चालले नाहीत. खाली बघत, काठीनं टोचत चालायचे.

एक दिवस दुपारी ते जेवायला बसले होते. मी पाणी द्यायला वाकले आणि तोंड उघडं राहिलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"इकडे ये. दात दाखव."

बैल विकत घेताना ते जसं जबड्याला हात घालून दात बघत तसंच त्यांनी माझं तोंड वर केलं. बराच वेळ बघत राहिले. मग मायला म्हणाले, "हे काय होऊन राहिलं? फट पडून राहिली पोरीच्या तोंडात."

"डॉक्टर म्हणे पडते म्हणून. पडली तंच बरं, म्हणे."

"फट पडली तं बरं?" बाबा म्हणाले. ताट तसंच सारून ते उठले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामीच्या बाळंतपणासाठी मायला माहेरी जावं लागलं. जाताना तिनं बांगडीतली किल्ली काढून बाबांच्या हातात दिली. पोरीनं स्वतः करू नये, हात सुटला तर गिळेल, हे डॉक्टरनं बजावलं होतं. "दातांकडून घशाकडे," माय तीन-तीनदा म्हणाली. बाबांनी किल्ली करदोड्याला बांधली, पेटीच्या चावीशेजारी.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला उजेडात, अंगणातल्या बाजेवर बसवलं. मला त्यांची इतकी लाज वाटत होती, की मी डोळे मिटून घेतले. ज्या गोष्टीबद्दल आम्ही जन्मात एक शब्द बोललो नव्हतो, तिच्यासाठी ते माझ्या तोंडात बोटं घालत होते. किल्ली लागली, फिरली. मी दाबाची वाट बघत गुडघे आवळले. दाब आला नाही. उलट काही तरी सैल झाल्यासारखं वाटलं.

"दुखलं?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"मंग बरं."

दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. मला वाटलं, बाबांचा हात हलका आहे. मग आरशात पाहिलं तर फट लहान झाली होती. मला इतका आनंद झाला, की मी आरशासमोर पहिल्यांदा दात दाखवून हसले. डॉक्टर म्हणालाच होता, फट आपोआप मिटेल. म्हणजे सगळं आटपलं. मी बरी झाले. मी मनातल्या मनात वसतिगृहाची पेटी भरायलासुद्धा घेतली.

आणि मग हात ओला आला.

तो ओलेपणा मला आधी ओळखूच आला नाही. मी पडून राहिले. शाळा उघडायला थोडे दिवस राहिले होते. माय येईल, विचारेल, आणि मला सांगावं लागेल. मी उठले, तणस गोळा केलं आणि उकिरड्यावर टाकून आले. दुसऱ्या पहाटे पुन्हा. तिसऱ्या पहाटे गोठ्याच्या कोपऱ्याशी वळले आणि समोर बाबा उभे. त्यांच्या हातात शेणाची टोपली, माझ्या कवेत ओलं तणस. तांबडं फुटलं होतं, तोंडं दिसत होती. मला पळताही येईना आणि ते खाली टाकताही येईना.

बाबांनी टोपली खाली ठेवली. माझ्या कवेतलं तणस स्वतःच्या हातांत घेतलं आणि उकिरड्यावर टाकून आले. मग विहिरीवर हात धुताना पाठ फिरवून म्हणाले, "मदी बंद झालतं का?"

"हौ."

"मंग कवापासून चालू झालं?"

मी म्हटलं, "माय गेल्यावर." ते हात धूतच राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

त्याच दिवशी डॉक्टरचा वार होता, आणि ते पाळीवरचं काम टाकून मला घेऊन निघाले. एसटीत त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या आणि मला वाटत होतं, त्या माझ्यासाठी आहेत. मला घरी ठेवायचं ठरवलंय, आणि डॉक्टरला तोंडातलं लोखंड काढून घ्या म्हणायला चाललेत.

डॉक्टरनं आरसा घातला आणि लगेच मान वर केली. "पेच उलटा फिरलाय. किल्ली कोण लावत होतं?"

खालच्या दुकानात ठोके चालू होते. मी बाबांकडे बघितलं नाही. माझी हिंमत नव्हती. डॉक्टर रागावेल, बाबा उलटून बोलतील किंवा उठून जातील, आणि मग सगळंच संपेल. मी म्हणणार होते, मीच फिरवली. पण तोंडात आरसा होता.

"मी," बाबा म्हणाले. "चुकून नाई, साहेब. समजून उलटी फिरवली."

डॉक्टरनं आरसा खाली ठेवला.

"आमच्या गावी तलाव हाये," बाबा म्हणाले. "पाळीले भेग पडली का आमी बुजवतो. जिथी भेग तिथून पानी. पोरीचं... थे थांबावं म्हणून तुमी पेच लावला, अन् पोरीच्या तोंडात भेग पडून राहिली. मले वाटलं, अशानं थांबन कसं? वाढन. मी भेव खाल्ला, साहेब. मी भेग बुजवली."

बाबांना बोलताना घाम फुटला होता. माझे वडील, जे पाळीवर रात्र रात्र एकटे बसत, ते माझ्या दातांतल्या फटीला भ्यायले होते. मी एकटी घाबरते आहे असं मी इतकी वर्षं समजत होते.

डॉक्टर हसला असता तर मी त्याला कधी माफ केलं नसतं. तो हसला नाही. त्यानं फळीवरून प्लास्टरचा एक जबडा काढला, बाबांच्या हातात दिला आणि टाळूवर बोट ठेवून दाखवलं, की वर श्वासाची वाट कशी आहे. "इथून पाणी जात नाही, बाबा. वारा जातो. ही वाट रुंद करायची आहे." बाबांनी तो जबडा उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी करदोड्याची किल्ली सोडली आणि डॉक्टरपुढे धरली.

"तुमीच फिरवा. माया हातानं नोको."

"रोज मी कुठे येणार?" डॉक्टर म्हणाला. "इथे माझ्यासमोर फिरवा."

बाबांनी फिरवली, दातांकडून घशाकडे. डोळ्यांच्या मधे तो जुना दाब आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. "दुखलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवून हो म्हटलं. ते म्हणाले, "दुखू दे."

माय परत आली तेव्हा फट पुन्हा पडली होती. तिला आम्ही दोघांनी काही सांगितलं नाही. सकाळी तणस कधी कुरकुरायचं, कधी नाही. मग कुरकुरणं वाढत गेलं. पण शाळा उघडायचा दिवस आला तेव्हा कोरड्या सकाळी सलग अशा थोड्याच झाल्या होत्या. माय म्हणाली, अजून भरवसा नाही. बाबा म्हणाले, "मी नेऊन देतो." त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मायनं वाद घातला नाही.

वसतिगृहाच्या दारात बाबांच्या डोक्यावर माझी पेटी होती आणि बगलेत एक भलंमोठं पोतं. तोंड शिवलेलं, चपटं, तणसानं भरलेलं. वसतिगृहाच्या बाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, हे काय? तणसाची गादी म्हणजे काय, हे अख्ख्या वसतिगृहाला आता कळणार असं मला वाटलं. मागे चार-पाच मुली उभ्या होत्या.

"गादी हाये, बाई," बाबा शांतपणे म्हणाले. "आमच्या घरी सारे तणसावरच झोपतेत. पोरीले सतरंजीवर झोप नाई येत. पोरगीच रोज उन्हात टाकत जाईल गादी."

बाबा तर जन्मभर बाजेवर झोपत आले होते. "अन् तोंडात काय बसवलंय?" बाईंनी मला विचारलं. मी ओठ मिटले. बाबाच म्हणाले, "दात सरळ करून राहिला डॉक्टर." बाईंनी मान डोलावली आणि मला खोली दाखवायला निघाल्या. बाबांना कधी खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी डोळ्याची पापणीसुद्धा लवू दिली नाही.

त्या ओळीतली पहिली सकाळ मला अजून आठवते. घंटा व्हायच्या आधीच जाग आली. शेजारची मुलगी इतकी जवळ होती, की तिचा श्वास माझ्या हाताला लागत होता. मी हात खाली सरकवला. बराच वेळ बोटं हलवायचं धाडस होईना. मग कूस बदलली आणि पोतं कुरकुरलं. शेजारची मुलगी झोपेतच म्हणाली, "किती आवाज करते तुझी गादी!" मला रडू फुटलं. मी तोंडावर चादर ओढून घेतली.

पुढे दिवाळीपर्यंत मी रोज त्याच भीतीनं उठले. पेच फिरवणं घर सोडायच्या आधीच थांबलं होतं, फट मिटत आली होती. गादी कुरकुरत राहिली, पण माझा भरवसा बसला नाही. पेचानं झालं, की वयानं, की वसतिगृहाच्या धाकानं, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. डॉक्टरनं तरी कुठे हमी दिली होती?

दिवाळीच्या सुट्टीला बाबा न्यायला आले तेव्हा त्यांनी पोतंही उचललं. मी म्हटलं, ते राहू द्या इथेच. ते म्हणाले, "नेऊ दे." एसटीच्या टपावर टाकून त्यांनी ते घरी आणलं. दिवस कलला होता. माय पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात उभी होती. बाबा घरात शिरलेच नाहीत. पोतं घेऊन सरळ गोठ्याकडे गेले. मी मागे गेले, आणि ते काय करणार आहेत ते लक्षात आलं तेव्हा मला जागच्या जागी बसावंसं वाटलं. ते कशाला? मायसमोर कशाला?

त्यांनी कोयत्यानं शिवण उसवली आणि सगळं तणस बांड्यापुढे गव्हाणीत ओतलं. बैल पुढे आला. त्यानं हुंगलं. एकदा, दोनदा. मायच्या हातातला तांब्या तसाच होता.

बांड्यानं तोंडभर तणस ओढून घेतलं आणि तो चावू लागला.

बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. तुळशीपाशी दिवा लागला होता. मग ते मायकडे वळले आणि म्हणाले, "रांजनावरचा पाटा काढ. पोरीले पानी दे. पोटभर पिऊ दे."